कॅमेऱ्याच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रायव्हसी मास्क नेमका कुठे लावायचा?

फ्रेमवाला (मूळ प्रश्न)

नमस्कार मंडळी. आम्ही दोघं मिळून सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग सॉफ्टवेअर लिहितोय. कॅमेरे कुठल्याही कंपनीचे चालावेत, आरटीएसपीवरून (कॅमेऱ्याचं चित्र नेटवर्कवरून मागवायची पद्धत) फीड घ्यायचा, आहे तसा डिस्कवर लिहायचा आणि ब्राउझरमध्ये दाखवायचा, एवढाच आवाका. आता ते एका वृद्धनिवासात बसवायचं ठरलंय. कॅमेरे व्हरांड्यात, जेवणघरात आणि जिन्यापाशी आहेत. अडचण अशी की व्हरांड्यातल्या दोन कॅमेऱ्यांना खोल्यांची दारं दिसतात आणि दार उघडं राहिलं की आत पलंगापर्यंत नजर जाते.

वृद्धनिवासाचं म्हणणं असं: खोलीचा भाग झाकायचा, व्हरांड्यातले चेहरे रोजच्या बघण्यात धूसर ठेवायचे, पण कोणी पडलं किंवा काही चोरीला गेलं तर मूळ चित्र बघता आलं पाहिजे.

माझा बेत: मास्कचे, म्हणजे झाकायच्या भागाचे, कोपरे डेटाबेसमध्ये ठेवायचे आणि ब्राउझरमध्ये व्हिडिओवर कॅनव्हास (चित्र काढायचा पारदर्शक थर) पसरून तेवढा भाग काळा करायचा. व्यवस्थापकाला 'मास्क काढा' असं बटण द्यायचं. सर्व्हरवर काहीच करायचं नाही, कारण आम्ही फीड डीकोड करत नाही, म्हणजे दाबलेला व्हिडिओ उलगडून त्यातली चित्रं काढत नाही. ३२ कॅमेरे डीकोड करून पुन्हा एन्कोड करायचे म्हटलं तर आहे ते यंत्र मान टाकेल. चेहऱ्यांचं अजून काही ठरलेलं नाही. एवढं पुरेल का?

पॅकेटपाहणी

नाही पुरणार. ब्राउझरचं नेटवर्क पॅनेल उघडा, व्हिडिओच्या तुकड्याचा पत्ता कॉपी करा आणि व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये चिकटवा. पलंगासकट सगळं दिसेल. झाकायचं चित्र आधी बघणाऱ्याच्या हातात देताय आणि मग त्याला 'बघू नका' म्हणताय.

रात्रपाळी

वरचं बरोबर आहे, पण नेटवर्क पॅनेल उघडणारा माणूस कंट्रोल रूममध्ये क्वचितच भेटतो. मी बरीच वर्षं पडद्यांसमोर बसून रात्रपाळ्या केल्या, आता अशाच सॉफ्टवेअरच्या चाचण्या घेते, त्यामुळे दोन्हीकडचं लिहिते. लांबेल, सांभाळून घ्या.

चाचणीला बसले की मास्क नीट लागलाय का हे मी सगळ्यात शेवटी बघते. आधी शोधते ते त्या झाकलेल्या जागेचं चित्र आणखी कुठे कुठे गेलंय. टाइमलाइनवर माउस फिरवला की उगवणारी छोटी चित्रं. हालचालीच्या इशाऱ्याबरोबर मोबाइलवर जाणारा फोटो. मुख्य स्ट्रीमवर मास्क आणि सबस्ट्रीम (तोच कॅमेरा सोबत पाठवतो ती कमी रिझोल्यूशनची प्रत) उघडी. कॅमेऱ्याच्या स्वतःच्या मेमरी कार्डावर चाललेलं रेकॉर्डिंग. एक्स्पोर्टची फाइल, रात्रीचा बॅकअप, आणि वस्तू ओळखणारं मॉडेल असेल तर त्याने 'माणूस' म्हणून कापून ठेवलेले तुकडे. यातली छोटी चित्रं हमखास सुटतात, कारण ती दुसऱ्याच कुणीतरी दुसऱ्याच कोडमध्ये लिहिलेली असतात आणि 'ती काय, एवढीशी तर आहेत' असं सगळ्यांना वाटतं. २०२२ च्या शेवटी युफी या ब्रँडच्या घरगुती कॅमेऱ्यांचा गवगवा झाला तो यावरूनच. रेकॉर्डिंग घरातच राहतं अशी जाहिरात होती, पण सूचनेबरोबरची छोटी चित्रं क्लाउडवर जात होती. फेब्रुवारी २०२४ मध्ये वायझ या कॅमेरा-कंपनीच्या सुमारे १३,००० वापरकर्त्यांना दुसऱ्यांच्या कॅमेऱ्यांची छोटी चित्रं दिसली. तिथे कॅशिंगच्या (माहिती तात्पुरती हाताशी ठेवण्याच्या) एका लायब्ररीने कुठला कॅमेरा कुणाचा याची जुळणी गोंधळवली होती. दोन्हीकडे मुख्य व्हिडिओची काळजी घेणारे लोक होतेच की.

म्हणून पलंगापुरतं माझं मत ठाम आहे: तो भाग कॅमेऱ्याच्या आतच मरू द्या. ऑनव्हिफ या वेगवेगळ्या कंपन्यांच्या कॅमेऱ्यांसाठीच्या सामाईक मानकाच्या 'मीडिया २' सेवेत मास्क बनवायची, वाचायची आणि बदलायची सोय आहे. तिथे मास्क चित्राच्या उगमाला बांधलेला असतो, एन्कोडरला (व्हिडिओ दाबणाऱ्या भागाला) नाही. त्यामुळे मुख्य स्ट्रीम, सबस्ट्रीम आणि कार्डावरचं रेकॉर्डिंग, सगळीकडे तोच काळा तुकडा जातो. सगळेच कॅमेरे ही सेवा देत नाहीत. काहींना फक्त आयत चालतो, काहींना ठरावीक संख्येपलीकडे मास्क चालत नाहीत. ते आधी विचारून घ्यायचीही विनंती त्याच सेवेत आहे, तिचं उत्तर वाचूनच तुमचा मास्क आखायचा पडदा बनवा. नाहीतर वापरणारा छान आठ कोपऱ्यांचा आकार काढेल आणि कॅमेरा त्याचा भलताच चौकोन करेल.

पण कॅमेऱ्यावर मास्क लावून मोकळे होऊ नका. कॅमेरा फॅक्टरी रीसेट झाला की मास्क गेला. बिघडला म्हणून बदलला तर नव्यावर तो नसतोच. आणि माझा आवडता प्रकार: जाळं झाडताना काठी लागते, कॅमेरा जरासा फिरतो, मास्क चित्रात होता तिथेच राहतो आणि पलंग शेजारी सरकून मोकळा होतो. पडद्यावर काळा चौकोन दिसत असतो, म्हणून कुणाला संशयही येत नाही. तेव्हा सॉफ्टवेअरने मास्कची माहिती ठरावीक वेळाने कॅमेऱ्याकडून परत वाचून आपल्याकडच्या नोंदीशी पडताळायला हवी. बसवताना घेतलेल्या संदर्भचित्राशी दृश्य जुळतंय का, हेही बघायला हवं. जुळलं नाही तर त्या कॅमेऱ्याचं लाइव्ह आणि रेकॉर्डिंग थांबवायचं. मान वळवणारा कॅमेरा असेल तर मास्कही त्याच्याबरोबर वळतो का, झूम केल्यावर मोठा होतो का, हे हाताने फिरवून बघा. वेगाने फिरवताना मास्क मागे पडणारे कॅमेरे मी पाहिलेत.

आणखी एक, जे बघून मला दर वेळी राग येतो. सेटिंगमध्ये नुसतं 'मास्क' लिहू नका. हालचाल ओळखताना झाडाच्या फांद्या वगळायच्या असतात, त्यालाही मास्कच म्हणतात. फ्रिगेट या मुक्त-स्रोत रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमधला मोशन मास्क तसा आहे, तो रेकॉर्डिंगमधलं काहीही झाकत नाही. तसं त्यांनी माहितीपत्रकात लिहिलंय, पण माहितीपत्रक वाचतो कोण? एका जागी मी स्वच्छतागृहाच्या दारावर असा मोशन मास्क काढून निर्धास्त बसलेली मंडळी पाहिली आहेत. तुमच्या पडद्यावर एकाला 'इथली हालचाल दुर्लक्षित करा' आणि दुसऱ्याला 'हा भाग कधीच रेकॉर्ड करू नका' असं सरळ वाक्यात लिहा.

आता 'मास्क काढा' बटण. रात्री दोन वाजता कंट्रोल रूममध्ये एकच लॉगिन उघडं असतं. ते दुपारच्या पाळीतल्या साहेबांचं असतं आणि त्यांचा पासवर्ड मॉनिटरच्या कडेला चिकटवलेला असतो. तुम्ही व्यवस्थापकाला दिलेलं बटण पहिल्याच आठवड्यात सगळ्यांचं होईल, आणि एकदा काढलेला मास्क कुणी परत लावणार नाही. पलंगासाठी तर हे बटण असूच नये.

चौकोन

चेहरे धूसर करण्याबद्दल थोडं. मोठाले चौकोन पाडून धूसर करणं दिसायला समाधानकारक असतं, पण त्यावर विसंबू नका. २०१६ मध्ये मॅकफर्सन, शोक्री आणि श्माटिकोव्ह यांनी दाखवलं की पिक्सेल मोठे केलेले किंवा यूट्यूबच्या पद्धतीने धूसर केलेले चेहरे साधं न्यूरल नेटवर्कही बऱ्यापैकी अचूक ओळखतं. त्याला मूळ चेहरा परत घडवावा लागत नाही, ओळखीच्या चेहऱ्यांच्या यादीतला हा कोणता एवढंच सांगायचं असतं. वृद्धनिवासात तर ती यादी कार्यालयातच असते. २००७ मध्ये इंटरपोलने जाहीर केलेल्या एका प्रकरणात गुन्हेगाराने आपला चेहरा फोटोत भोवऱ्यासारखा फिरवून टाकला होता. जर्मन पोलिसांतल्या तज्ज्ञांनी तो उलटा फिरवून सरळ केला. तेव्हा झाकायचं असेल तर एकाच रंगाने सपाट भरा.

दुसरं असं की चेहरा शोधणारं मॉडेल मान वळली, टोपी आली, पाठीमागून उजेड आला की हुकतं. सेकंदाला १५ फ्रेम असतील आणि एकाच फ्रेममध्ये हुकलं, तरी तिथे थांबवून फोटो काढता येतो. 'चेहरा सापडला तर झाका' याऐवजी 'जे जे हललं ते झाका' असं उलटं करा. रिकाम्या व्हरांड्याचं पार्श्वचित्र शिकायचं, त्यापेक्षा वेगळं दिसेल ते सगळं भरून टाकायचं, कडा थोड्या फुगवायच्या आणि माणूस हलला तरी एखादं-दोन सेकंद तिथला रंग तसाच ठेवायचा. पडद्यावर सावल्या चालताना दिसतात. कोणी पडलं तर सावली आडवी झालेली कळतेच. फक्त आडवी पडून निश्चल राहिलेली सावली पार्श्वचित्र हळूहळू गिळून टाकतं, तिथे शिकण्याचा वेग अगदी मंद ठेवा. आणि मॉडेल कोसळलं तर फीड उघडा सुटता कामा नये, बंद पडला पाहिजे.

रात्रपाळी

सावल्यांची कल्पना मला पटते. पण चेहरे झाकून नक्की काय साधतं, हे फ्रेमवाल्यांनी वृद्धनिवासाला स्पष्ट सांगावं. तिथले कर्मचारी या माणसांना रोज अंघोळ घालतात, जेवायला बसवतात. काठी कोणाची, लंगडत कोण चालतं, हिरवी शाल कोणाची, हे त्यांना चेहऱ्याशिवाय कळतं. त्यांच्यापासून काहीच लपत नाही. लपतं ते पडद्याचा फोटो मोबाइलवर काढून बाहेर गेला तर बाहेरच्यांपासून. तेही मोलाचंच आहे, मी असे फोटो गटागटांतून फिरताना पाहिलेत. पण 'आता कोणी ओळखू येत नाही' असं माहितीपत्रकात लिहू नका.

फ्रेमवाला

सर्वांचे आभार, रात्रपाळीताईंचे विशेष. पलंग कॅमेऱ्यातच झाकायचं पक्कं. पण व्हरांड्याचं मूळ चित्र त्यांना हवंच आहे, त्यावर ते अडून आहेत, आणि खरं सांगायचं तर पडण्याच्या घटनेत मला त्यांचं म्हणणं पटतंही. सावल्या बनवायला डीकोड करावंच लागेल, मग यंत्राचं काय?

पॅकेटपाहणी

मुख्य स्ट्रीम डीकोड करू नका. सबस्ट्रीम करा. ६४० बाय ३६० म्हणजे १९२० बाय १०८० च्या नवव्या हिश्शाइतके पिक्सेल. ३२ सबस्ट्रीम मिळून फुल एचडीच्या चार स्ट्रीमही भरत नाहीत. त्यावर सावल्या करा आणि लाइव्ह, छोटी चित्रं, मोबाइलच्या सूचना, सगळं त्यातूनच काढा. कमी रिझोल्यूशनचा आपला फायदाही आहे. आयईसी ६२६७६-४ या सीसीटीव्हीच्या आंतरराष्ट्रीय मानकाच्या २०१४ च्या आवृत्तीत माणूस ओळखीचा आहे का हे सांगायला मीटरमागे १२५ पिक्सेल आणि अनोळखी माणसाची खात्रीशीर ओळख पटवायला २५० पिक्सेल धरले होते. व्हरांड्याच्या टोकाला सबस्ट्रीमवर तेवढे मिळतच नाहीत.

मुख्य स्ट्रीम जशी येते तशी लिहा, पण कुलूपबंद. प्रत्येक तासाच्या फाइलला एईएस या एन्क्रिप्शन पद्धतीची नवी किल्ली बनवायची, फाइल तिने एन्क्रिप्ट करायची आणि ती किल्ली वृद्धनिवासाच्या सार्वजनिक किल्लीने (तिने फक्त बंद करता येतं, उघडता येत नाही) बंद करून बाजूला ठेवायची. उघडणारी खासगी किल्ली सर्व्हरवर ठेवायचीच नाही. एन्क्रिप्शनला डीकोड लागत नाही आणि आजच्या प्रोसेसरांत एईएसच्या सूचना हार्डवेअरमध्येच असतात, त्यामुळे भार जाणवणारही नाही. उद्या कोणी सर्व्हरच उचलून नेला तरी जुनं रेकॉर्डिंग त्याला उघडत नाही. चालू सर्व्हरमध्ये कोणी घुसलं तर मात्र तेव्हापासून पुढचं त्याला दिसेल, ते यातून टळत नाही. खासगी किल्ली दोन-तीन माणसांत वाटायची असेल तर शमीर या संगणकशास्त्रज्ञाची १९७९ ची गुपित-वाटणीची पद्धत आहे. तिघांपैकी कोणतेही दोघं आले की उघडते, एकट्याला काहीही कळत नाही.

मुदत संपली की तासाची किल्ली नष्ट करायची. एसएसडीवर फाइल पुसली तरी तिचे अवशेष कुठे राहिलेत ते तुमच्या हातात नसतं, म्हणून हा मार्ग बरा. अमेरिकेच्या निस्ट या मानक संस्थेच्या ८००-८८ या मार्गदर्शिकेतही किल्ली नष्ट करून माहिती नष्ट करणं मान्य आहे. मात्र किल्ल्यांची फाइल बॅकअपमध्ये गेली तर सगळं मुसळ केरात. आणि तीही त्याच एसएसडीवर ठेवलीत तर प्रश्न फक्त छोटा झाला, सुटला नाही. यंत्रात टीपीएम (किल्ल्या सुरक्षित ठेवणारी) चिप असेल तर रोजची एक वरची किल्ली तिच्यात ठेवा, तासाच्या किल्ल्या तिनेही बंद करा आणि मुदतीला ती वरची किल्ली पुसा.

कलमवाचक

मुदतीवरून आठवलं. युरोपियन डेटा संरक्षण मंडळाच्या ३/२०१९ या मार्गदर्शक सूचनांत असं आहे की रेकॉर्डिंग जितकं जास्त ठेवाल, विशेषतः ७२ तासांपलीकडे, तितकं त्याचं कारण जास्त भक्कम लागेल. तुम्ही कुठल्याही देशात असा, सुरुवातीचं सेटिंग म्हणून ७२ तास चांगले. जास्त हवं असेल त्याने हाताने वाढवावं आणि का वाढवलं ते लिहावं. जीडीपीआर या युरोपच्या डेटा संरक्षण कायद्याचं २५ वं कलम तेच मागतं: आल्या आल्या जे सेटिंग असतं तेच सगळ्यात कमी माहिती गोळा करणारं हवं. घटनेची क्लिप जपून ठेवायची सोय वेगळी द्या, तिलाही शेवटची तारीख असू दे.

आवाजाबद्दल कोणी बोललं नाही. अनेक देशांत चित्रापेक्षा संभाषण रेकॉर्ड करण्याचे नियम कडक आहेत. प्लेअरमध्ये आवाज बंद असला तरी तुम्ही फीड आहे तसा लिहिता, म्हणजे ऑडिओ ट्रॅक फाइलमध्ये जात असणार. आरटीएसपीच्या जोडणीत ऑडिओ मागूच नका.

रात्रपाळी

आवाजाचं अगदी बरोबर. व्हरांड्यात उभं राहून नातेवाईक डॉक्टरांशी काय बोलतात ते ऐकण्याचा कोणालाही अधिकार नाही.

किल्लीच्या योजनेत मला माणसांची बाजू घालायची आहे. मूळ चित्र उघडताना कॅमेरा आणि वेळेची चौकट आधी ठरवून मागायची: जिन्यापाशीचा कॅमेरा, तीन ते सव्वातीन. तेवढंच उघडेल. कारणाची जागा मोकळी ठेवलीत तर लोक तिथे एक टिंब टाकून पुढे जातात, मी स्वतः ती टिंबं मोजत बसले आहे. म्हणून घटनानोंदवहीतला क्रमांक सक्तीचा करा, आणि दुसरी व्यक्ती होकार देईल ती आपल्या लॉगिनने, आपल्या यंत्रावरून. मिनिटं संपली की आपोआप बंद.

कोणी काय पाहिलं याची नोंद सगळेच ठेवतात, वाचत कोणीच नाही. मे २०२३ मध्ये अमेरिकेच्या एफटीसी या ग्राहकसंरक्षण संस्थेने रिंग या घरगुती कॅमेऱ्यांच्या कंपनीवर कारवाई केली, त्यातल्या आरोपांत एक असा होता की एका कर्मचाऱ्याने महिला ग्राहकांच्या घरांतली हजारो रेकॉर्डिंग महिनोन् महिने पाहिली, आणि ते उघड झालं दुसऱ्या एका कर्मचाऱ्याच्या लक्षात आल्यामुळे. २०२१ मध्ये वर्काडा या सुरक्षा-कॅमेरा कंपनीच्या सुमारे दीड लाख कॅमेऱ्यांपर्यंत बाहेरचे लोक पोचले ते सर्वाधिकार असलेल्या एका खात्यातून. तेव्हा तुम्ही दोघं दुरुस्तीच्या निमित्ताने दुरून लॉगिन करणार असाल तर तेही याच दारातून आणि याच नोंदीत. नोंदीतल्या प्रत्येक ओळीत आधीच्या ओळीचा हॅश (तिच्यावरून गणिताने काढलेला ठसा) घाला, म्हणजे मधलीच ओळ गायब केली तर साखळी तुटलेली दिसेल.

आणि ती नोंद ज्यांचं चित्र आहे त्यांना दाखवा. तिथे रहिवाशांची समिती असेल तर तिच्यासाठी महिन्याचं एक पान छापून निघू दे: मूळ चित्र कधी उघडलं, कोणत्या कॅमेऱ्याचं, कोणी, कोणाच्या होकाराने. मोठ्या टाइपात. आपण सगळे सॉफ्टवेअर बनवतो ते विकत घेणाऱ्यासाठी, आणि कॅमेऱ्यासमोर आयुष्य काढणाऱ्याला त्यात लॉगिनसुद्धा नसतं.

फ्रेमवाला

छापील पानाची कल्पना घेतली. समिती आहे, आणि मी सावल्यांचा नमुना आधी तिलाच दाखवणार आहे. शेवटची शंका: मास्क जुळला नाही तर फीड थांबवायचा म्हणालात. पण रात्री जिन्यापाशीचा कॅमेरा असा अचानक काळा झाला आणि नेमकं तेव्हाच कोणी पडलं तर?

रात्रपाळी

म्हणूनच सरसकट थांबवू नका. ज्या कॅमेऱ्यांना खोली दिसते तेच दोन थांबवायचे. जिन्याच्या कॅमेऱ्यात झाकण्यासारखं काही नाही, तो हलला तर नुसता इशारा द्या. त्या दोन कॅमेऱ्यांच्या जागीही निव्वळ काळा चौकोन दाखवलात तर पाळीवरचा माणूस 'कॅमेरा गेला' म्हणून वायर काढून परत लावेल, किंवा कॅमेऱ्याचं स्वतःचं वेब पान उघडून थेट बघेल. ते पान त्याच्या यंत्रावरून उघडताच येऊ नये, कॅमेरे वेगळ्या व्हीलॅनमध्ये (नेटवर्कच्या स्वतंत्र कप्प्यात) टाका. आणि काळ्या चौकोनात लिहा: 'कॅमेरा चालू आहे. जागेवरून हलल्यामुळे चित्र थांबवलं आहे. व्हरांड्यात जाऊन बघा.' खाली कोणाला फोन करायचा ते नाव आणि नंबर. संदर्भचित्र जुळवताना दिवसाचं आणि रात्रीचं वेगळं ठेवा, नाहीतर कॅमेरा इन्फ्रारेडवर गेला की रोज संध्याकाळी खोटी बोंब होईल आणि तिसऱ्या दिवशी कोणीतरी ती तपासणीच बंद करून टाकेल.